तुमचे प्रश्न: देव्हाऱ्यात आलेली इजिप्तची देवी

मागच्या अंकात प्राचीन इजिप्तमधल्या संततीच्या मूर्तींवर एक लेख छापला होता, म्हणजे मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं, पीक चांगलं यावं म्हणून कोरलेल्या दगडी मूर्ती. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भरपूर पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही. पहिलं पत्र फार महत्त्वाचं वाटलं म्हणून त्याला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न (पारोळ्याहून एक ताई): माझे दीर हिवाळ्यात टूरवर इजिप्तला गेले होते, तिथून त्यांनी वीतभर उंचीची काळ्या दगडाची मूर्ती आणली. तोंड पाणघोड्यासारखं, पोट मोठं, छाती लोंबलेली, दोन पायांवर उभी आणि हाताखाली गाठ मारल्यासारखं काहीतरी धरलेलं. दुकानदार म्हणाला की तीन हजार वर्षं जुनी आहे आणि ज्या घरात ठेवाल तिथे पाळणा हलतो. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सासूबाईंनी मूर्ती थेट देव्हाऱ्यात बसवली, रोज संध्याकाळी मला तिच्यासमोर बसवून दिवा लावायला सांगतात, पुसायला घेतली तर म्हणतात "हाऊ देव शे, याले हात लावू नको." श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, तेव्हा ही तिच्या शेजारी मांडायची म्हणतात. हे नक्की काय आहे, खरंच इतकं जुनं असेल का, आणि मी काय करू? फोटो पाठवतेय.

उत्तर: ताई, तुमचे सगळे फोटो मोठे करून बघितले. मूर्ती तावेरेतची आहे. ही प्राचीन इजिप्तमधली घरगुती देवी, गरोदर बायांची, बाळंतिणीची आणि तान्ह्या बाळाची राखण करणारी. तोंड आणि धड पाणघोड्याचं, पंजे सिंहाचे, पाठीवरून खाली उतरते ती मगरीची पाठ, आणि पोट नि छाती मात्र दिवस भरत आलेल्या बाईची. हाताखाली जी गाठ दिसते तिला 'सा' म्हणतात, ती राखणीची खूण. नाईलकाठच्या लोकांना पाणघोडा आणि मगर दोघांची भयंकर धास्ती होती, होडी उलटवणारे, माणूस मारणारे प्राणी हे, पण पाणघोड्याची मादी आपल्या पिल्लाजवळ कोणाला फिरकू देत नाही हे पण ते रोज बघायचे, मग जिची आपल्याला भीती वाटते तिलाच त्यांनी बाळाच्या उशाशी पहाऱ्याला उभं केलं. मला हा विचार फार भावतो. ही देवी नाजूक नाही, दागिन्यांनी मढलेली नाही, दात दाखवत उभी आहे, कारण त्या काळात बाळंतपणात बाई जाणं आणि पाळण्यातलं मूल जाणं घरोघरी व्हायचं आणि तिथे गोड चेहऱ्याची देवी काय कामाची.

तावेरेतची सगळ्यात प्रसिद्ध मूर्ती कैरोच्या म्युझियममधली, साधारण ९६ सेंटीमीटर उंच, ग्रेवॅक नावाच्या हिरवट काळ्या कठीण दगडाची, इसवी सन पूर्व सातव्या शतकातली. पाबासा नावाच्या एका बड्या कारभाऱ्याने ती अर्पण केली होती. कर्नाकला, म्हणजे दक्षिण इजिप्तमधल्या लक्झर शहराजवळच्या देवळांच्या आवारात, चुनखडीच्या बंद देव्हाऱ्यात ती सापडली, त्यामुळे तिची घासून आणलेली चकाकी आजही तशीच आहे. बाजारात ज्या काळ्या तावेरेत मिळतात त्या बहुतेक हिच्यावरूनच काढलेल्या असतात, तुमचीही तशीच वाटते.

आता जुनी आहे का. तिसऱ्या फोटोत मूर्ती आडवी ठेवलीय, तिथे काखेपासून पायापर्यंत एक बारीक सरळ रेघ जाताना दिसतेय बघा, दोन्ही अंगांनी सारखीच. ती साच्याची रेघ आहे, दगड कोरला तर अशी रेघ येत नाही. तळाच्या फोटोत टाचणीच्या डोक्याएवढे गोल खळगे आहेत, ते हवेचे बुडबुडे. म्हणजे ही दगडाची भुकटी रेझिनमध्ये, प्लॅस्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, कालवून साच्यात ओतलेली वस्तू आहे. हातात घेऊन गालाला लावून बघा, खरा दगड गार लागतो, रेझिन तितकं गार लागत नाही आणि वजनालाही हलकं भरतं. लक्झरच्या पश्चिम काठावर आजही हाताने दगड कोरणारे कारागीर आहेत, त्यांच्या वस्तू नवीन असल्या तरी खऱ्या दगडाच्या असतात, तुमच्या दिरांना तेवढंही मिळालं नाही याचं वाईट वाटतं. पण एका अर्थाने बरंच झालं, कारण खरोखर तीन हजार वर्षं जुनी असती तर प्रकरण गंभीर होतं. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ नंबरच्या कायद्याने तिथे प्राचीन वस्तू विकणं आणि देशाबाहेर नेणं बंद आहे, म्हणजे दुकानदार "जुनी आहे" म्हणतो तेव्हा एकतर तो खोटं बोलतोय नाहीतर चोरीचा माल विकतोय. टूरला जाणाऱ्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवा, नवीन वस्तू घ्या आणि नवीन आहे असं लिहिलेली पावती घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, ताई. पाळणा हलवायचं वचन दुकानदाराचं आहे, तावेरेतचं नाही. तिचं काम मुख्यतः राखणीचं, पोटात असलेल्या आणि जन्मलेल्या बाळाच्या. तिच्या आकाराची छोटी भांडी सापडलीत ज्यांच्या स्तनाला भोक आहे, त्यातून दूध ओतायचे. ताईत म्हणून बाया तिला गळ्यात घालायच्या, पलंगाच्या पायांवर, उशाच्या लाकडावर तिला कोरायचे. म्हणजे ही हात लावायचीच देवी होती, अंगावर बाळगायची, बाळाजवळ ठेवायची, आणि तुम्हाला पुसायलाही मनाई आहे हे वाचून कसंतरी झालं.

मूल मागायच्या मूर्ती वेगळ्या होत्या. त्यातली एक बर्लिनच्या म्युझियममध्ये आहे, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची, कडेवर मूल घेतलेली बाई, आणि तिच्या मांडीवर लिहिलंय की तुझ्या लेकीला, सेहला, मूल होऊ दे. हे मागणं सेहच्या मेलेल्या बापाकडे केलंय, मूर्ती त्याच्यासाठी ठेवायची, म्हणजे तो पलीकडच्या जगातून लेकीसाठी काहीतरी करेल. सेह कोण होती, तिला पुढे मूल झालं का, यातलं काहीच आपल्याला कळायचा मार्ग नाही, पण माहेरच्या माणसाकडे हक्काने मागणारी बाई आपल्याला लगेच ओळखू येते. त्या ओळीत तिचं नाव आहे ताई. तिची इच्छा, तिचं मागणं, तिचा बाप. तुमच्या पत्रात दीर आहेत, सासूबाई आहेत, दुकानदार आहे, तुम्हाला काय हवंय हे मात्र कुठेच नाही, तुमच्या यजमानांबद्दल तर एक शब्द नाही.

ते मुद्दाम विचारतोय. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, देर एल-मदिना, लक्झरच्या पश्चिमेला. तिथले लोक कागदाऐवजी खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहायचे, घरची भांडणं, उधारी, आजारपण सगळं. त्यात एका माणसाला आलेलं पत्र आहे, त्यात त्याला सुनावलंय की बायकोला दिवस जात नाहीत हा दोष तुझा आहे, आणि तू पैसेवाला असून कोणाला काही देत नाहीस, ज्याला मूल नाही त्याने अनाथ पोर आणून वाढवावं. भाषा कडक आहे, कोणाही पुरुषाला असं टोचून बोलू नये, पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात मूल न होण्याचा जाब नवऱ्यालाही विचारला जात होता आणि मूल दत्तक घेणं हा सरळ मार्ग समजला जात होता, एवढं तर त्यातून कळतंच. इजिप्शियन लोक मूल पुरुषाच्या बीजातून येतं असंच मानायचे, त्यामुळे त्यांनी सगळा भार बाईच्या डोक्यावर टाकला नाही.

तर माझं म्हणणं असं. एक वर्ष प्रयत्न करून दिवस गेले नाहीत की तपासणी दोघांची करायची असते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, कमी खर्चाची आणि न दुखणारी, म्हणून ती आधी करून घ्यायची. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, एकट्याकडे किंवा दोघांकडे मिळून. तुम्ही दोघं डॉक्टरकडे गेला नसाल तर आधी दोघं जा. सासूबाई वाईट वागतायत असं मला वाटत नाही, त्यांना नातवंड हवंय आणि जे हाताशी आलं ते त्यांनी धरलं, त्यांना हे पान वाचून दाखवलंत तरी चालेल. मूर्ती घरात ठेवायला काहीच हरकत नाही, दिवा लावून तुम्हाला बरं वाटत असेल तर लावा, नुसतं लावायला लावलं म्हणून लावू नका. कानबाईच्या शेजारी मांडायचं म्हणाल तर तो तुमचा कुळाचार आहे, घरातल्या मोठ्या बायांनी ठरवायचं, पण मला विचाराल तर नका मांडू. कानबाईचा तिचा थाट आहे, नारळ, नथ, रोट, रात्रभरची गाणी, ही बिचारी त्यातली नाही. तिला शोकेसमध्ये उभी करा आणि आल्यागेल्याला सांगा की ही इजिप्तची बाळांची राखणदार.

प्रश्न (अमळनेरहून, इतिहासात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी): एका व्हिडिओत पाहिलं की इजिप्तच्या थडग्यांमध्ये पाय नसलेल्या नग्न बायांच्या मूर्ती सापडतात आणि त्या मेलेल्या राजाच्या सुखासाठी पुरलेल्या रखेल्या होत्या, त्या पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना पाय ठेवत नसत. हे खरं आहे का? फार घाण वाटलं ऐकून.

उत्तर: व्हिडिओवाल्याने जुनी गोष्ट उचललीय. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या सुरवातीला खोदकाम करणारे बहुतेक पुरुष, त्यांना पुरुषाच्या थडग्यात नग्न बाईची मूर्ती दिसली की ती त्याच्या सुखासाठी असणार असं वाटायचं, आणि तेच नाव पुस्तकापुस्तकातून चालत आलं. अडचण अशी की याच मूर्ती बायकांच्या थडग्यांतही सापडल्या, लहान मुलांच्याही, राहत्या घरांतही, आणि हाथोर देवीच्या देवळांतही नवस म्हणून वाहिलेल्या सापडल्या. लहान मुलाच्या थडग्यात रखेल कशाला ठेवतील? म्हणून आता अभ्यासक त्यांना संततीशी, जन्माशी आणि मेल्यानंतरच्या पुनर्जन्माशी जोडतात, हाथोर ही प्रेमाची आणि बाळंतपणाची देवी असल्यामुळे ते जुळतंही.

पायांबद्दल म्हणाल तर या मूर्ती बहुतेक मध्य राज्याच्या काळातल्या, म्हणजे इसवी सन पूर्व २००० च्या आसपासपासून पुढच्या दोनतीनशे वर्षांतल्या. निळ्या फायान्सच्या, म्हणजे काचेसारखी चकाकी देऊन भाजलेल्या असतात, चुनखडीच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्याही, आणि गुडघ्याच्या आसपास संपतात. पळून जाऊ नये म्हणून, हा एक अंदाज आहे, आणि जे अवयव कामाचे तेवढेच दाखवले हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो, कारण कारागिराने कुठे जास्त कष्ट घेतलेत ते बघा, केसांच्या बटा एकेक कोरलेल्या, कमरेला कवड्यांचा पट्टा, मांड्यांवर ठिपक्यांची नक्षी. ती ठिपक्यांची नक्षी म्हणजे गोंदण, आणि ते कल्पनेतलं नाही, लक्झरसमोरच्या देर एल-बहरीला सापडलेल्या आमुनेत नावाच्या हाथोरच्या पुजारणीच्या ममीच्या पोटावर आणि अंगावर असेच ठिपके गोंदलेले आहेत. कवड्यांचा पट्टाही खरा घालायचे. इजिप्तमधल्या लाहूनला १९१४ साली सिताथोरयुनेत राजकन्येच्या थडग्यात सोन्याच्या कवड्यांचा कमरपट्टा मिळाला, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्या सोन्याच्या कवड्यांच्या पोटात बारीक गोळ्या भरल्यात म्हणजे ती चालली की पट्टा खुळखुळायचा. मूर्तीवर कोरलेला दागिना आणि खऱ्या बाईच्या कमरेवरचा दागिना एकच निघाला की अभ्यास करणाऱ्याला किती आनंद होतो ते तुला पुढे कळेलच.

नंतरच्या, नव्या राज्याच्या काळात चुनखडीत एक वेगळा प्रकार येतो, पलंगावर आडवी झालेली बाई आणि तिच्या शेजारी बाळ. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातल्या आहेत. तिथे तर रखेलीचा अर्थ लावायला जागाच उरत नाही. प्रबंधाला विषय शोधत असशील तर इजिप्तच्या अभ्यासक जेराल्डिन पिंच यांनी हाथोरला वाहिलेल्या नवसाच्या वस्तूंवर जे काम केलंय ते आधी वाच, लायब्ररीत नसेल तर मागवून घे. आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत ठेवलेली डोकं नसलेली मातीची बाई मिळाली होती, सोबत बैल. दोन्हीकडे देऊळ नाही, घर आहे, यावर कोणीतरी मराठीत नीट लिहायला पाहिजे असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय.

प्रश्न (शहाद्याहून एक निवृत्त शिक्षक): मी गावातल्या वाचनालयात मुलांना जगाचा इतिहास सांगतो. तुमच्या लेखातल्या मिन देवाचा फोटो प्रोजेक्टरवर लावला तर दोन पालकांनी आक्षेप घेतला की ही अश्लील मूर्ती आहे. दाखवावी की नाही? आणि या देवाबद्दल थोडं अजून सांगा.

उत्तर: सर, मिन हा इजिप्तमधल्या सगळ्यात जुन्या देवांपैकी. पुरुषाचं बीज, जमिनीची सुपीकता, पीक याचा देव, आणि त्याचं लिंग ताठ दाखवलेलं असतं, त्याला इलाज नाही, तेच तर त्याचं काम आहे. त्याची जागा कोप्टोस, आताचं किफ्त, लक्झरच्या उत्तरेला. फ्लिंडर्स पीट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १८९३-९४ च्या हिवाळ्यात तिथल्या देवळाच्या पायाखाली चुनखडीचे तीन प्रचंड पुतळे काढले, डोकी तुटलेली, आणि पूर्ण असताना चार मीटरच्या वर असावेत. पिरॅमिड बांधायच्याही कितीतरी आधीचे आहेत ते, इसवी सन पूर्व ३३०० च्या सुमाराचे. ब्रिटिश म्युझियमने ते घेतले नाहीत, मग दोन ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियममध्ये गेले आणि एक कैरोत राहिला. ते लिंग वेगळं घडवून बसवलेलं होतं, आता जागेवर नाही, नुसती मूठ आणि भोक दिसतं. बाजूला शिंपले कोरलेत, करवतमासा आहे, हत्ती आणि बैल आहेत. आणि अंगावर ठिकठिकाणी गोल गुळगुळीत खळगे पडलेत, नंतरच्या काळातल्या लोकांनी औषध म्हणून की नवस म्हणून दगडाची पूड खरवडून नेली असावी असं मानतात. मला त्या पुतळ्यांत सगळ्यात जास्त तेच खळगे बघावेसे वाटतात, कारण राजाने पुतळा उभा केला आणि लोकांनी बोटांनी त्याला आपलं करून घेतलं.

मिनचा सण कापणीच्या दिवसांत असायचा. लक्झरसमोरच्या मेदिनेत हाबूला तिसरा रामसेस या राजाच्या देवळाच्या भिंतीवर तो सगळा कोरलेला आहे, पुढे पांढरा बैल, मागे देव खांद्यावर, आणि राजा स्वतः धान्याची पेंढी कापतो. देवामागे लेट्यूसची उंच रोपं दाखवतात, तोडलं की पांढरा चीक येतो म्हणून ते मिनचं झाड.

शिंपले आणि करवतमासा कुठून आले ते मात्र मुलांना जरूर सांगा. कोप्टोसहून वाळवंटातून वाट तांबड्या समुद्राला जायची, म्हणून मिन वाळवंटातल्या वाटसरूंचाही देव. आणि रोमन काळात हीच वाट हिंदुस्थानच्या व्यापाराची झाली, भरूचला आणि दक्षिणेला जाणारी जहाजं तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून निघायची आणि इकडचा माल उंटांवर कोप्टोसला उतरायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भरूचला येतो, आणि खान्देशातून तापीकडे उतरणारी वाट त्यातली महत्त्वाची मानतात. २०२३ मध्ये जाहीर झालं की बेरेनिके या तांबड्या समुद्रावरच्या बंदरात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. म्हणजे सर, तुमच्या प्रकाश्यावरून गेलेलं कापड मिनच्या गावात उतरलं असेल असा विचार करायला काहीच हरकत नाही, मुलं डोळे मोठे करून ऐकतील.

दाखवायचं की नाही याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, दाखवा. आठवीच्या पुढची मुलं असतील तर आधी दोन वाक्यं बोला की हे लोक शेतकरी होते, नाईलला पूर आला नाही तर उपाशी मरायचे, म्हणून बीज म्हणजे त्यांना देव वाटायचा, आणि मग फोटो लावा. लहान मुलांना तिसरा रामसेस आणि पांढरा बैल दाखवला तरी पुरे. पालकांना मुलांसोबत बसवून घ्या. ज्या समाजाला शिवलिंग पूजताना लाज वाटत नाही त्याला मिन समजायला फार वेळ लागणार नाही.

प्रश्न (चोपड्याहून): व्हॉट्सअॅपवर आलंय की इजिप्तमध्ये गरोदर बाईच्या लघवीत गहू आणि जव भिजवायचे, गहू उगवला तर मुलगी, जव उगवलं तर मुलगा, आणि शास्त्रज्ञांनी ते खरं ठरवलंय. घरी करून बघावं का?

उत्तर: अर्धं खरं आहे. बर्लिनमधल्या एका प्राचीन वैद्यकीय पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावर, ही परीक्षा लिहिलीय, दोन्ही नाही उगवलं तर दिवस गेले नाहीत असं. १९६३ मध्ये इजिप्तमध्ये हा प्रयोग खरंच करून बघितला, गरोदर बायांच्या लघवीने साधारण ७० टक्के वेळा धान्य उगवलं, गरोदर नसलेल्यांच्या आणि पुरुषांच्या लघवीने नाही. म्हणजे गरोदरपण ओळखायला थोडाफार उपयोग झाला. मुलगा की मुलगी हे मात्र त्यातून अजिबात कळलं नाही. दिवस गेलेत का हे बघायचं असेल तर मेडिकलमध्ये स्वस्तात किट मिळते. आणि मुलगा-मुलगी बघायची हौसच सोडा. १९९४ चा गर्भलिंग निदानबंदीचा कायदा आहे, २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात मुलांमागे मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्याही खाली गेलं होतं, असले मेसेज पुढे पाठवू नका, मी हात जोडून सांगतो.

प्रश्न (साक्रीहून एक आजी, नातवाने टाइप करून पाठवलं): आम्ही नवरात्रात घट बसवतो, माती पसरून गहू पेरतो. नातू म्हणतो इजिप्तवाले पण असंच करायचे. खरं का बाबा?

उत्तर: खरं आहे आजी, नातू हुशार आहे. त्यांचा ओसायरिस नावाचा देव, मेलेला आणि परत जिवंत झालेला, धान्याचा देव. त्याच्या आकाराची लाकडी चौकट करायची, त्यात माती भरायची, जव पेरायचे, पाणी घालायचं आणि कोंब आले की ते थडग्यात ठेवायचं. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या इंग्रज उत्खनकाला तुतानखामेन राजाचं थडगं सापडलं त्यात अशी एक चौकट होती, जव उगवून वाळून गेलेलं. तुमच्याकडे घट घरात, जिवंत माणसांसाठी, त्यांच्याकडे मेलेल्याने परत उठावं म्हणून. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मात्र नातवाला परीक्षेत लिहू देऊ नका, जो शेती करतो त्याला कोंबाचं नवल वाटणारच, त्यासाठी कोणाकडून शिकावं लागत नाही.

प्रश्न (नंदुरबारहून): इजिप्तला जाणं परवडणार नाही. जवळपास खरी इजिप्शियन वस्तू कुठे बघायला मिळेल?

उत्तर: तुम्हाला बडोदा सगळ्यात सोयीचं. नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत आणि तिथून बडोदा, सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये खरी इजिप्शियन ममी आहे. सयाजीराव महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ पासून इजिप्त, ग्रीस, रोमच्या मूर्ती परदेशी म्युझियमकडून उसन्या आणून आपल्या मूर्तींशेजारी मांडल्या होत्या, असं प्रदर्शन परत लागलं तर सोडू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात इजिप्तचं काही नाही, पण खान्देशातल्या कोरीव दगडी मूर्ती आहेत, तिथे मुलांना घेऊन आधी जा, दगड कसा कोरलाय, छिन्नीचे घाव कुठे राहिलेत, कुठला भाग लोकांच्या हातांनी झिजलाय हे बघायची सवय लागली की बडोद्याला दुप्पट दिसेल. निघायच्या आधी सुट्टीचा वार फोन करून विचारून घ्या.